चोराला नाव, अपहाराला हिशेब : परद्रव्यहरणवाचक मराठी शब्दांचा अर्थविचार

१

मराठीत चोरी करणाऱ्याला चोर म्हणतात. दरोडा घालतो तो दरोडेखोर, वाट अडवून लुटतो तो वाटमाऱ्या, खिसा कापतो तो खिसेकापू, घर फोडतो तो घरफोड्या आणि हाताला लागेल ती किरकोळ वस्तू लांबवितो तो भुरटा. कृतीचा प्रकार बदलला की कर्त्याचे नावही बदलते, इतकी या क्षेत्रातील शब्दसंपत्ती नेमकी आहे. याउलट अपहार करणाऱ्याला काय म्हणतात, असे विचारले तर लोकव्यवहारातील भाषेत त्याला सहज उत्तर मिळत नाही. ‘अपहारकर्ता’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या घडविता येतो आणि कागदोपत्री तो आढळतोही. परंतु घरात, बाजारात किंवा चावडीवर तो कोणाच्या तोंडी येत नाही. अफरातफर करणाऱ्यासाठी तर वेगळा शब्दच नाही. ‘गैरव्यवहार’ या शब्दापासून कर्तृवाचक नाम सिद्ध झालेले नाही. ‘घोटाळेबाज’ हा शब्द वृत्तपत्रांनी रूढ केला असला, तरी तो ‘चोर’ या शब्दासारखा भाषेच्या तळातून वर आलेला नाही.

हा केवळ शब्दसंग्रहातील योगायोग आहे काय? चोरीच्या प्रसंगी चोर बहुधा अज्ञात असतो. तरीही भाषेजवळ त्याच्यासाठी नाव तयार असते. अपहाराच्या प्रसंगी किल्ली कोणाकडे होती, वही कोण लिहीत होते, पावतीवर सही कोणाची होती हे बहुधा ठाऊक असते. तरीही भाषेजवळ त्याच्यासाठी नाव नसते. अज्ञात कर्त्याला नाव आणि ज्ञात कर्ता निनावी, असा हा विपर्यास आहे. त्याची कारणे शब्दांच्या व्युत्पत्तीत, वाक्यरचनेत, म्हणींत आणि साहित्यात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२

प्रथम चोरी आणि अपहार यांतील तात्त्विक भेद स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. चोरीत वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात असते आणि ती त्याच्या संमतीवाचून हलविली जाते. अपहारात वस्तू आधीच अपहार करणाऱ्याच्या ताब्यात असते. ती त्याच्याकडे रीतसर, बहुधा विश्वासाने आलेली असते. चोराला भिंत ओलांडावी लागते. अपहार करणारा भिंतीच्या आतच असतो. म्हणून चोरीत ताब्याचा भंग होतो, तर अपहारात विश्वासाचा.

हा भेद भारतीय विचारपरंपरेला प्राचीन काळापासून परिचित आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची म्हणजे न्यायालयीन वादांची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ‘निक्षेप’ म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव हे एक स्वतंत्र पद आहे. ‘स्तेय’ आणि ‘साहस’ ही त्याहून वेगळी पदे आहेत. मालकाच्या समक्ष बळाने केलेले हरण ते साहस आणि त्याच्या अपरोक्ष केलेले ते स्तेय, अशी तेथील विभागणी आहे. घेतल्यानंतर नाकबूल होणे हेही स्तेयातच मोजले आहे. ठेव परत न करणाऱ्याला चोराप्रमाणेच शासन करावे, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे वर्गीकरण वेगळे, परंतु नैतिक निर्णय एकच, अशी ही भूमिका आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राने यापुढचे पाऊल टाकले. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केलेल्या रा. प. कंगले यांच्या संपादनामुळे हा ग्रंथ अभ्यासकांना चिकित्सक स्वरूपात उपलब्ध झाला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात कोशक्षयाची म्हणजे राजकोश घटण्याची आठ कारणे दिली आहेत : प्रतिबंध, प्रयोग, व्यवहार, अवस्तार, परिहापण, उपभोग, परिवर्तन आणि अपहार. येणे वसूल न करणे किंवा वसूल केलेले कोशात न भरणे हा प्रतिबंध. कोशातील द्रव्य व्याजाने लावणे हा प्रयोग आणि त्यावर व्यापार करणे हा व्यवहार. वसुलीची वेळ आली असता आली नाही, किंवा आली नसता आली असे दाखविणे हा अवस्तार. ठरलेले उत्पन्न घटविणे किंवा खर्च फुगविणे हे परिहापण. राजद्रव्य स्वतः वापरणे वा इतरांना वापरू देणे हा उपभोग, आणि चांगली वस्तू काढून तिच्या जागी दुसरी ठेवणे हे परिवर्तन. अपहाराची व्याख्या याहून कठोर आहे : झालेली जमा न दाखविणे, वहीत लिहिलेला खर्च प्रत्यक्षात न करणे आणि हाती असलेली शिल्लक नाकारणे. यासाठी अपहृत रकमेच्या बारा पट दंड सांगितला आहे. अधिकाऱ्यांच्या हरणाचे चाळीस मार्गही तेथे नोंदले आहेत.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या आठ शब्दांपैकी मराठीत ‘अपहार’ एवढाच शब्द त्या अर्थाने टिकला. ‘प्रयोग’, ‘व्यवहार’, ‘उपभोग’, ‘परिवर्तन’ हे शब्द मराठीत आहेत. परंतु त्यांचा हिशेबी, दोषदर्शक अर्थ लोपला आहे. ‘व्यवहार’ हा शब्द इतका निर्दोष झाला की, त्यातील दोष दाखविण्यासाठी ‘गैर’ हा फारसी-अरबी परंपरेतून आलेला उपसर्ग त्याला जोडावा लागला.

आधुनिक कायद्यातही हा भेद कायम आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेत चोरी (कलम ३७८), संपत्तीचा अप्रामाणिक अपहार (कलम ४०३) आणि फौजदारीपात्र न्यासभंग (कलम ४०५) हे स्वतंत्र अपराध होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते अनुक्रमे कलम ३०३, ३१४ आणि ३१६ मध्ये आले आहेत. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे. मात्र लोकसेवकाने, पेढीवाल्याने किंवा अभिकर्त्याने आपल्याकडे सोपविलेल्या संपत्तीच्या बाबतीत न्यासभंग केल्यास आजन्म कारावासाची किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या तराजूत विश्वस्ताचा अपराध साध्या चोरीहून कितीतरी जड आहे. भाषेच्या तराजूत मात्र ‘चोर’ हा शब्द जड आणि ‘अपहार’ हा शब्द हलका ठरतो. रस्त्यावर कोणाला चोर म्हटले तर हाणामारी होते. अपहाराचा आरोप झाला तर खुलासा मागविला जातो.

३

अपहार या अपराधाचे निदर्शन करणारे मराठी शब्द त्यांच्या मूळ कल्पनेनुसार तीन गटांत विभागता येतात.

पहिला गट गोंधळवाचक शब्दांचा आहे. ‘अफरातफर’ हा त्यातील सर्वांत बोलका शब्द. त्याचे मूळ अरबीतील ‘इफ्रात’ (अतिरेक) आणि ‘तफ्रीत’ (न्यूनता) या शब्दजोडीत आहे. फारसीमार्गे ही जोडी भारतीय भाषांत आली. हिंदी-उर्दूत तिचा अर्थ धावपळ, घबराट, अव्यवस्था असा राहिला. म्हणून हिंदी वृत्तपत्रातील ‘अफरा-तफरी’ वाचून मराठी वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव असतो. मराठीने या शब्दाला वहीत नेऊन बसविले. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी, हा मूळ अर्थ जमाखर्चाच्या दोन बाजूंना इतका चपखल लागू पडला की, पैशांच्या अपहारासाठी तो रूढ झाला.

‘घोटाळा’ या शब्दाची कथा अशीच आहे. ‘घोटाळणे’ म्हणजे एकाच ठिकाणी घुटमळणे, निश्चय न होणे. ‘माझा नावात घोटाळा झाला’ असे आजही कोणी म्हणतो, तेव्हा त्यात अपराधाचा लवलेश नसतो. तोच शब्द १९९२चा रोखे घोटाळा, १९९६ मध्ये उघडकीस आलेला बिहारमधील चारा घोटाळा, २००३ मध्ये गाजलेला मुद्रांक घोटाळा अशा प्रयोगांत प्रचंड अपराधाचा वाचक झाला. या सामासिक शब्दांची घडणही पाहण्यासारखी आहे. ‘खिसेकापू’ या समासात कर्ता दिसतो. ‘रोखे घोटाळा’, ‘चारा घोटाळा’ या समासांत फक्त वस्तू दिसते. जणू रोखे आपोआप गोंधळले आणि चारा स्वतःहून नाहीसा झाला! ‘घोळ’, ‘गफलत’, ‘गोलमाल’, ‘गडबड’ हे शब्दही याच गटातील होत. ‘गफलत’ म्हणजे मुळात बेसावधपणा. ‘हिशेबात गफलत’ या प्रयोगात बुद्ध्या केलेले कृत्य बेसावधपणाच्या पांघरुणाखाली जाते.

एकनाथांविषयीची एक परंपरागत कथा येथे आठवते. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात लागत नसलेली एका क्षुल्लक नाण्याची चूक त्यांनी रात्र जागून शोधली आणि ती सापडताच त्यांना हर्ष झाला. या कथेत हिशेबातील चूक ही खरोखरच चूक आहे आणि ती शोधणारा निःस्पृह आहे. अफरातफर, घोटाळा, गफलत हे शब्द अपहारासाठी वापरताना भाषा अशा प्रामाणिक कारकुनाची निष्पाप चूक अप्रामाणिक कारकुनाला उसनी देते.

दुसरा गट दूर नेण्याच्या कल्पनेवर उभा आहे. ‘हृ’ म्हणजे नेणे या धातूला ‘अप’ उपसर्ग लागून ‘अपहार’ आणि ‘अपहरण’ हे दोन्ही शब्द सिद्ध होतात. मराठीने त्यांची कामे वाटून दिली : माणसाचे होते ते अपहरण, पैशाचा होतो तो अपहार. अपहरणाला ‘अपहरणकर्ता’ लाभला आणि तो बातमीच्या भाषेत सहज वावरतो. अपहाराच्या वाट्याला मात्र प्रचलित कर्ता आला नाही. ‘लांबविणे’, ‘लंपास करणे’, ‘पळविणे’ हे देशी प्रयोग याच कल्पनेचे आहेत. परंतु ते चोराच्या पायांशी जोडलेले आहेत. अपहार करणारा कोठे पळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच खुर्चीवर येऊन बसतो.

तिसरा गट खाण्याचा आहे आणि बोलभाषेत तोच सर्वांत जिवंत आहे. पैसे खाणे, गिळंकृत करणे, हडप करणे, ढेकर न देता पचविणे, मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे या प्रयोगांत भक्षणाची प्रतिमा आहे. फारसी ‘खोर’ या प्रत्ययाचा मूळ अर्थही ‘खाणारा’ असाच आहे. भांडखोर, चुगलखोर अशा शब्दांत तो अर्थ विरून केवळ सवय उरली. ‘लाचखोर’ या शब्दात मात्र तो अद्याप जागा आहे, कारण मराठीत लाच खाल्लीच जाते. लाचेला कर्तृवाचक नाम मिळाले आणि अपहाराला मिळाले नाही, याचे एक कारण असे संभवते की, लाचेत देणारा समोर उभा असतो आणि घेणाऱ्याला नाव ठेवण्याचे काम तो करतो. अपहारात ज्याचे गेले तो समोर नसतो. सहकारी संस्थेचे सभासद, गावचा निधी, शासनाची तिजोरी ही ती हानी सोसणारी मंडळी. त्यांच्यापैकी कोणाचाही खिसा त्या क्षणी हलका झालेला जाणवत नाही.

४

शब्दांप्रमाणे वाक्यरचनाही पाहावी लागते. ‘चोरणे’ हा मराठीत स्वतंत्र धातू आहे. ‘त्याने घड्याळ चोरले’ या वाक्यात कर्ता, कर्म आणि क्रिया तिन्ही उघड आहेत. अपहारासाठी असा सुटसुटीत धातू नाही. ‘अपहार करणे’ किंवा ‘अपहार होणे’ अशी संयुक्त रचना करावी लागते. यांपैकी ‘होणे’ला कर्त्याची गरज नसते. ‘निधीचा अपहार झाला’, ‘अपहार उघडकीस आला’, ‘रकमेत तूट आढळली’, ‘संबंधितांकडून खुलासा मागविण्यात आला’ या कार्यालयीन वाक्यांत क्रियेमागून क्रिया येते. करणारा मात्र कोठेच येत नाही. ‘चोरी झाली’ या वाक्यातही कर्ता नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु तेथे कर्ता अज्ञात असल्यामुळे तो वगळला जातो; येथे तो ज्ञात असूनही वगळला जातो. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या सारखी असली तरी त्यांतील मौन सारखे नाही.

याला प्रशासकीय भाषेची एक न्याय्य बाजूही आहे. आरोप सिद्ध होण्यापूर्वी नाव घेऊ नये, हा दंडक योग्यच होय. पण तोच न्याय खिसेकापूला क्वचितच लाभतो. संशयावरून पकडलेल्या माणसाला बातमीत ‘चोरटा’ म्हटले जाते. चौकशी पूर्ण झालेला कार्यवाह ‘संबंधित पदाधिकारी’च राहतो.

लेखापरीक्षणाच्या मराठीत ‘तात्पुरता अपहार’ अशी एक संज्ञा वापरली जाते. रक्कम काही काळ स्वतःसाठी वापरून नंतर भरणा केला, की तो तात्पुरता अपहार. या विशेषणामुळे अपराध उणावल्यासारखा वाटतो. कायद्याला मात्र ते मान्य नाही. काही काळापुरता केलेला अप्रामाणिक विनियोग हाही अपहारच होय, असे कलम ४०३च्या स्पष्टीकरणात म्हटले होते. कौटिल्याच्या ‘प्रयोग’ आणि ‘व्यवहार’ या संज्ञाही याच कृत्याला उद्देशून आहेत : मूळ द्रव्य परत आले तरी त्यावर मिळविलेल्या लाभाच्या दुप्पट दंड तेथे सांगितला आहे.

५

ज्या भाषेने विश्वस्ताला निनावी ठेवले, तिनेच काही माणसांना जन्मापासून चोरीचे नाव दिले, हे या विषयाचे सर्वांत वेदनादायक अंग आहे. ‘भामटा’ हा शब्द मराठीत फसवून लुबाडणाऱ्यासाठी सर्रास वापरला जातो. तेच नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत एका जमातीचे म्हणून नोंदलेले आहे. सामान्यनामाचे जातिनाम झाले की जातिनामाचे सामान्यनाम, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी परिणाम एकच : त्या जमातीत जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जे लिहिले जाते, तेच शाळेच्या पटांगणात शिवी म्हणून वापरले जाते.

या नावांना कायद्याचे बळ १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दिले. सुरुवातीला उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११च्या दुरुस्तीने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंद झालेल्या जमातींच्या लोकांना हजेरी, परवाने आणि तारेच्या कुंपणातील वसाहती यांखाली जगावे लागले. सोलापूरची वसाहत त्यांपैकीच एक. १९५२मध्ये कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. शब्द मात्र मुक्त झाले नाहीत. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी हे दूषण स्वतःच उच्चारून वाचकासमोर ठेवले. १९८८च्या साहित्य अकादमी पुरस्कारामुळे हे नाव अखिल भारतीय झाले. या शीर्षकाचे सामर्थ्य असे की, ते वाचणाऱ्याला शब्दाचा वापर आणि शब्दाचा बळी या दोन्हींचे एकदम भान येते.

‘उचलणे’ या क्रियापदाचा दुसरा एक वापर येथे ताडून पाहावा. ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतो; तिला ‘उचल’ म्हणतात. ही उचल श्रमाच्या बदल्यात घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. एकाच धातूपासून गरिबाच्या वाट्याला ‘उचल’ हे कर्ज आणि ‘उचल्या’ हे कलंकनाम आले. ‘कामचोर’ आणि ‘अंगचोर’ हे शब्दही याच पंक्तीतले. नोकराने थोडी विश्रांती घेतली तर तो वेळेचा आणि श्रमाचा चोर ठरतो. निधी रिकामा करणाऱ्याच्या पदनामाला मात्र ‘चोर’ हा उत्तरपदाचा मान कधी मिळत नाही. विद्वानांचे क्षेत्रही याला अपवाद नाही. दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर खपविणे याला ‘वाङ्मयचौर्य’ असे तत्सम रूप देऊन चोरीचा बोचरेपणा कमी केला जातो.

मात्र मराठीत लेखणीने लुबाडणाऱ्याला नावच नव्हते, असे म्हणता येणार नाही. ‘कलमकसाई’ हा शब्द मराठीत होता. महात्मा फुले यांनी १८८३मध्ये सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात अक्षरशून्य शेतकऱ्याला कागदपत्रांत अडकवून नाडणाऱ्या अंमलदार-कारकुनांचे चित्रण आहे. सत्यशोधकी परंपरेत पुढे मुकुंदराव पाटील यांच्या ‘कुलकर्णी लीलामृत’सारख्या रचनेने गावच्या दप्तरदारालाच विषय केले. लेखणीला सुरीची आणि लिहिणाऱ्याला कसायाची उपमा देणाऱ्या या शब्दात कर्ता डोळ्यांसमोर उभा राहतो. वतनदारी गेली, दप्तर बदलले आणि हा शब्दही वापरातून मागे पडला. पुढे आलेल्या कार्यालयीन मराठीने ‘अपहार’ स्वीकारला. ‘कलमकसाई’ची जागा मात्र रिकामीच राहिली.

६

लोकोक्तींकडे वळले असता हेच चित्र दिसते. चोराच्या मनात चांदणे, चोराच्या उलट्या बोंबा, चोरावर मोर, चोर सोडून संन्याशाला सुळी अशा चोरावरील म्हणी विपुल आहेत. अपहारावर मराठीत ज्या दोन प्रमुख म्हणी आहेत, त्यांत मात्र अपहार हा शब्द नाही आणि त्या परस्परांविरुद्ध निर्णय देतात. पहिली, ‘तळे राखी तो पाणी चाखी’. येथे राखणदाराने थोडे घेणे स्वाभाविक मानले आहे. ‘चाखणे’ हे क्रियापदच किती माफक! दुसरी, ‘कुंपणच शेत खाते’. येथे ‘चाखणे’ जाऊन ‘खाणे’ आले आणि माफीची जागा विषादाने घेतली. गंमत अशी की, पहिल्या म्हणीत राखणारा माणूस आहे व त्याला क्षमा आहे. दुसरीत दोष दिला आहे, पण तो माणसाला नसून कुंपणाला. दोष द्यायचा तर माणूस दूर करावा लागतो आणि माणूस आणायचा तर दोष सौम्य करावा लागतो, अशी ही अडचण आहे. पाण्यातल्या माशाने पाणी केव्हा प्यायले हे जसे कळत नाही, तसे अधिकाऱ्याने धन केव्हा घेतले हे कळत नाही, या आशयाचा दृष्टांत अर्थशास्त्रातही आहे. पण त्याचे तात्पर्य क्षमा नसून दक्षता हे आहे.

साहित्यात चोरीला प्रतिष्ठा आहे. गौळणींत लोणी चोरणारा कृष्ण आहे, शृंगारात चित्तचोर आहे, आणि गो. ब. देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या ‘मृच्छकटिका’त घरफोडीला कला मानणारा शर्विलक आहे. त्याच नाटकात चोरी आणि अपहार यांतील भेदाचे एक सूक्ष्म दर्शन घडते. आपल्या घरी फोडाफोड झाली हे कळल्यावर चारुदत्ताला प्रथम समाधान वाटते, की चोर रिकाम्या हाताने गेला नाही. गेलेले दागिने वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ठेव होती, हे ध्यानात येताच मात्र तो हादरतो. त्याचे भय चोराचे नाही; दरिद्री माणसाच्या घरून ठेव चोरीला गेली यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, याचे आहे. अखेर तो वसंतसेनेला रत्नमाला पाठवितो आणि निरोप देतो, की तुझे दागिने मी आपले समजून जुगारात हरलो. म्हणजे निरपराध असूनही तो न्यासभंगाचा दोष आपल्या नावाने, कर्तरी वाक्यात पत्करतो. येथवर पाहिलेल्या ‘अपहार झाला’ या वाक्याच्या नेमके उलट असे हे वाक्य आहे.

मराठी परंपरेतील दुसरे उदाहरण मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे. महीपतीने ‘भक्तविजया’त (१७६२) सांगितलेली ही कथा सर्वश्रुत आहे. दुष्काळात बेदरच्या बादशहाच्या धान्याची कोठारे दामाजींनी भुकेल्यांसाठी खुली केली. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर सोपविलेल्या धान्याचा हा अनधिकृत विनियोगच होय. लोकपरंपरेने त्यासाठी अपहार, अफरातफर असा शब्द वापरला नाही. कोठारे ‘लुटविली’ असे ती म्हणते. या प्रयोजक रूपात लुटविणारा उघड आहे आणि त्याने काही लपविलेले नाही. तरीही कथा येथे थांबत नाही. विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बेदरला जातो, धान्याचे मोल चुकते करतो आणि पावती घेतो. परोपकार झाला म्हणून हिशेब माफ झाला, असे ही कथा मानत नाही. देवालाही भरणा करावा लागतो आणि पावतीवाचून त्याची सुटका नाही. सार्वजनिक द्रव्याविषयीची इतकी प्रखर जाणीव ज्या परंपरेत होती, तिच्या आजच्या वारसांना ‘तूट आढळली’ या वाक्याने समाधान वाटावे, हे विचार करण्यासारखे आहे.

७

वरील विवेचनावरून असे दिसते की, चोरी आणि अपहार यांतील भेद शास्त्राने, कायद्याने आणि साहित्याने नीट ओळखला होता; परंतु प्रचलित भाषेत तो भेद प्रतिष्ठेच्या भेदात रूपांतरित झाला. भिंत ओलांडणाऱ्याला नाव मिळाले, भिंतीच्या आत असणाऱ्याला हिशेबातील गोंधळाचा आडोसा मिळाला. भाषा हे सारे ठरवून करते असे नाही. वही लिहिणारा, अहवाल लिहिणारा आणि बातमी लिहिणारा हे तिघेही अक्षरसंपन्न वर्गातील असतात, आणि आपल्यासारख्या माणसाला नाव ठेवणे जड जाते, एवढे कारण त्याला पुरेसे आहे.

शब्दार्थविचाराच्या अध्यापनात या क्षेत्राचा उपयोग सहज करता येण्याजोगा आहे. एकाच दिवसाच्या वृत्तपत्रातील पाकीटमारीची आणि पतसंस्थेतील अपहाराची अशा दोन बातम्या विद्यार्थ्यांसमोर ठेवाव्यात. त्यांतील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावयास सांगावा आणि दुसऱ्या बातमीतील ‘झाला’, ‘आढळले’, ‘समजले’ ही रूपे ‘केला’ या रूपात बदलून वाचावयास लावावीत. असे करताना कर्त्याच्या जागी कोणते नाम घालावे, याविषयी वर्गात जी अडचण निर्माण होईल, तीच या विषयाच्या अभ्यासाची सुरुवात होय.